महाधमनीच्या शस्त्रक्रियेत रक्तप्रवाह थांबवणार म्हणतात, मग मेंदूचं काय?

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. देवगडकडे हापूसची बाग सांभाळणाऱ्या तुमच्या ६४ वर्षांच्या वडिलांचा आवाज बसला. औषधांनी सुटेना म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, त्यावरून सीटी स्कॅन झाला आणि महाधमनीच्या कमानीत ६.२ सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. मुंबईचे सर्जन म्हणाले, शरीर २० अंशांपर्यंत थंड करून रक्ताभिसरण थांबवावं लागेल. कोल्हापूरला दुसरं मत घेतलंत, तर तिथले म्हणाले २६ अंश पुरे. घरात काका म्हणतायत, अर्धा तास डोक्याला रक्त नाही म्हणजे माणूस जगला तरी पूर्वीचा राहणार नाही. आणि शेवटी, जरा चाचरतच, तुम्ही विचारलंय की आंब्याचा सीझन उरकून जूनमध्ये केलं तर चालेल का.

मी हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देणारा डॉक्टर. नोकरी मुंबईत झाली, आता मुक्काम रत्नागिरीजवळच्या गावी. वडिलांचा स्कॅन मी पाहिलेला नाही, तेव्हा 'करा' किंवा 'नका करू' हे मी सांगणार नाही. फुगवटा कमानीतच आहे की खाली छातीच्या मागच्या भागापर्यंत उतरलाय, धमनीच्या आतल्या भिंतीला किती चरबी आणि चुना धरलाय, मूत्रपिंडं कशी आहेत, आधी कधी अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय का, यावर खूप काही ठरतं. पण २० की २६ या वादात अडकू नका, हे मी स्कॅन न बघताही सांगतो. मेंदूला धोका कुठून येतो हे नीट कळलं की तो वाद आपोआप लहान होतो.

आधी रक्त थांबवावंच का लागतं, ते बघू. हृदयातून निघालेली महाधमनी वर जाते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याच्या बाजूने खाली उतरते. मेंदूला आणि हातांना रक्त नेणाऱ्या तीन मोठ्या शाखा त्या कमानीच्या माथ्यावरूनच फुटतात. स्वरयंत्राची डावी नस याच कमानीखालून वळसा घालून वर जाते. फुगवट्याने ती दाबली म्हणून वडिलांचा आवाज बसला. नुसता वर चढणारा भाग बदलायचा असता, तर पुढे चिमटा लावून हार्ट-लंग मशीनने, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राने, बाकी शरीराला रक्त चालू ठेवता आलं असतं. कमान उघडायची म्हटली की चिमटा लावायला जागाच उरत नाही. रक्त वाहत असताना तिथे टाके घालता येत नाहीत. म्हणून काही वेळ प्रवाह बंद.

नेहमीच्या तापमानाला मेंदू रक्ताविना चार-पाच मिनिटंच तग धरतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के, आणि साठा जवळजवळ शून्य. थंडीने ही भूकच कमी होते. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूचा ऑक्सिजनचा खप साधारण सहा-सात टक्क्यांनी घटतो. त्यावरून जे हिशेब मांडले गेले, त्यांत रक्त पूर्ण बंद ठेवण्याची सुरक्षित मुदत ३७ अंशांना ५ मिनिटं, ३० ला ९, २५ ला १४, २० ला २१ आणि १५ ला ३१ मिनिटं अशी येते. हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, वयस्कर किंवा मधुमेही रुग्णाला ते कमी धरावेत. तरी काकांच्या म्हणण्यात काय राहून गेलंय ते यातून दिसतं. अर्धा तास ही मुदत ३७ अंशांच्या मेंदूला अशक्य आहे. थंड केलेल्या मेंदूचं गणित वेगळं. १९७५ मध्ये अमेरिकेत सर्जन रँडल ग्रीप यांनी खोल थंडीत रक्ताभिसरण थांबवून कमान बदलल्याचे रुग्ण प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने आवाक्यात आली.

मग कोल्हापूरचे डॉक्टर २६ वर कसे थांबतात? कारण ते मेंदूचं रक्त पूर्ण बंद करतच नाहीत. आपल्याकडच्या पोफळीच्या बागेचं उदाहरण घ्या. मुख्य पाट दुरुस्तीला काढला, तरी रोपांच्या आळ्यांपुरतं पाणी वेगळ्या नळीने सोडता येतंच. तसंच इथे. उजव्या खांद्याखालच्या धमनीत, किंवा कमानीच्या पहिल्या शाखेत, नळी घालून फक्त मेंदूकडे थंड रक्त सोडत राहतात. बाकी शरीर थांबलेलं, मेंदूला मात्र दर मिनिटाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १० मिलिलिटर रक्त चालू. याला अँटिग्रेड सेरेब्रल परफ्युजन म्हणतात. कल्पना नवी नाही. १९५७ मध्ये अमेरिकन सर्जन मायकेल डिबेकी यांच्या चमूने कमान बदलली, तेव्हा डोक्याच्या शाखांना वेगळं रक्त दिलंच होतं. मध्यंतरी ही पद्धत मागे पडली, थंडी पुढे आली, आणि आता बहुतेक ठिकाणी दोन्हींची सांगड घालतात. (जाता जाता: याच डिबेकींना ९७ व्या वर्षी महाधमनीचं डिसेक्शन झालं, म्हणजे तिच्या भिंतीचे थर फाटून वेगळे झाले. आधी त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता. २००६ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी ती केली, आणि त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले.)

तेव्हा मुंबईचे २० आणि कोल्हापूरचे २६ हे आकडे एकमेकांसमोर ठेवून चालत नाही, त्यांच्यामागची पद्धत वेगळी असू शकते. खोल थंडीची किंमत मोजावी लागते: रक्त गोठण्याची क्षमता बिघडते, रक्तस्राव वाढतो, पुन्हा उबदार करायला वेळ लागतो आणि मशीनवरचा वेळ लांबतो. कमी थंडीतही धोका आहेच. डोक्याची नळी सरकली किंवा प्रवाह कमी पडला, तर हाताशी शिल्लक वेळ थोडा. शिवाय २६ अंशांना मेंदूला रक्त मिळत असलं, तरी मूत्रपिंडं, यकृत आणि मज्जारज्जू उपाशीच असतात. शस्त्रक्रिया लांबली तर ते महागात पडतं. माझं स्वतःचं मत म्हणाल, तर ४० मिनिटांच्या पुढे जाणार असं दिसणाऱ्या कामात मी थोडी जास्त थंडी पसंत करायचो. पण ज्या चमूचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, त्याच पद्धतीने त्यांना करू द्यावं हे मत त्याहून पक्कं आहे. तुमच्या आग्रहाखातर कोणी आपली रुळलेली पद्धत बदलली, तर त्यात नुकसान वडिलांचंच.

उलट्या दिशेने, म्हणजे शिरांतून मेंदूकडे थंड रक्त ढकलायचीही एक पद्धत आहे. त्याने मेंदूचं पोषण फारसं होत नाही. डोकं थंड राहायला आणि शाखांमधली हवा व कण बाहेर धुऊन काढायला मात्र उपयोग होतो. कुणी तिचं नाव घेतलं तर दचकू नका.

आता ज्याबद्दल घरचे लोक क्वचितच विचारतात ते. या शस्त्रक्रियेनंतर मेंदूला होणारी इजा दोन तऱ्हांची असते. उपासमारीने होणारी इजा बहुधा सगळ्या मेंदूला थोडीथोडी होते. माणूस उशिरा जागा होतो, गोंधळलेला असतो, विसरतो आणि बरेचदा सुधारतो. दुसरी इजा कणांनी होते. धमनीच्या भिंतीवरचा चरबीचा खपला, एखादी गुठळी किंवा हवेचा बुडबुडा वर जाऊन एखादी वाहिनी बंद करतो, आणि मग एक हात उचलत नाही किंवा वाचा जाते. कायमचं अपंगत्व येतं ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराने. आणि त्यावर थंडी फारशी चालत नाही. मेंदू १८ अंशांना असो की २८, निखळलेला खपला जिथे अडकायचा तिथे अडकतोच.

म्हणून थंडीच्या आकड्यापेक्षा मला पुढच्या गोष्टींची जास्त काळजी वाटायची. सर्जन सीटी बघून धमनीची भिंत कुठे खराब आहे ते आधीच हेरतात का? छाती उघडल्यावर धमनीवर थेट सोनोग्राफीचा प्रोब टेकवून नळीसाठी स्वच्छ जागा शोधतात का? मांडीतून रक्त दिलं तर ते खालून वर उलट्या दिशेने जातं आणि खराब भिंतीवरचा गाळ मेंदूकडे लोटू शकतं. उजव्या खांद्याखालून दिलं तर तो धोका कमी होतो आणि मेंदूला वेगळं रक्त द्यायची सोयही त्याच नळीने होते. उघड्या छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत ठेवतात, कारण हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही आणि कार्बन डायऑक्साइड चटकन विरघळतो. त्यामुळे अडकलेला बुडबुडा टिकत नाही. कमान शिवून झाली की पहिलं रक्त डोक्याकडे जाऊ देत नाहीत. पाटाचं पहिलं गढूळ पाणी जसं बाहेर काढतात, तसं ते बाहेर सोडतात. एवढं सगळं करून काम दोन मिनिटं लांबलं तरी मला त्याचं वाईट वाटायचं नाही.

प्रवाह बंद असताना मेंदू ठीक आहे हे कळतं कसं? पूर्ण खात्रीचं साधन नाही. कपाळाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या पट्ट्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय ते प्रकाशाने मोजतात. रुग्णाचा स्वतःचा सुरुवातीचा आकडा धरून तो वीस टक्क्यांहून जास्त घसरला की आम्ही सावध व्हायचो. एकाच बाजूने रक्त देत असताना डावा आकडा पडायला लागला, तर मेंदूच्या तळाशी असलेलं वाहिन्यांचं कडं पुरेसं जोडलेलं नाही असा संशय येतो. बऱ्याच माणसांत हे कडं पूर्ण नसतंच. अशा वेळी डाव्या बाजूच्या शाखेतही नळी घालावी लागते. शस्त्रक्रियेआधी मानेच्या धमन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि शक्य असेल तर डोक्या-मानेच्या वाहिन्यांचा सीटी असेल, तर हे आधीच कळतं. हे दोन्ही रिपोर्ट आहेत का ते बघा. उजव्या हाताच्या धमनीत दाब मोजायची सुई असते, ती मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब सांगते. ५० ते ७० च्या घरात असला की आम्हाला बरं वाटायचं.

थंड करणं आणि पुन्हा गरम करणं, दोन्हींत घाई मारक. भराभर थंड केलं तर नाकातला थर्मामीटर २० दाखवतो आणि मेंदूचा गाभा अजून वरच्या तापमानाला असतो. म्हणून निदान अर्धा तास सावकाश थंड करायचं, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. गरम करताना तर जास्तच सांभाळावं लागतं. उपाशी राहिलेल्या मेंदूला रक्त परत मिळालं की काही मिनिटं ते थंडच वाहू द्यायचं आणि मग हळूहळू तापवायचं. मशीनमधून निघणारं रक्त ३७ अंशांच्या वर कधीच जाऊ द्यायचं नाही. दुखावलेल्या मेंदूला ताप सोसत नाही, पुढचे एक-दोन दिवस आयसीयूतही. सगळे थकलेले असतात, रात्र झालेली असते, आणि नेमक्या त्या वेळी शेवटच्या दोन अंशांची घाई होते. हार्ट-लंग मशीन चालवणारे जुने परफ्युजनिस्ट त्या वेळी सर्जनचं ऐकत नाहीत, आणि बरोबर करतात.

औषधांबद्दल थोडक्यात. थायोपेंटोन, स्टिरॉइड, मॅनिटॉल ही मेंदूसाठी म्हणून वर्षानुवर्षं दिली जातात. थंडी आणि रक्तपुरवठा यांच्यापुढे त्यांचा पुरावा दुबळा आहे. तुमच्या डॉक्टरांनी दिली तर हरकत घेऊ नका, नाही दिली तर का नाही म्हणून भांडू नका. रक्तातली साखर ताब्यात ठेवणं त्याहून महत्त्वाचं.

काकांच्या भीतीचं उत्तर सरळ देतो. नियोजित कमान-शस्त्रक्रियेत, अनुभवी ठिकाणीसुद्धा, पक्षाघाताचं प्रमाण शंभरात साधारण तीन ते आठ धरावं. तातडीच्या शस्त्रक्रियेत ते याहून जास्त असतं. शून्य टक्के सांगणारा भेटला तर दुसरा सर्जन गाठा. तात्पुरता गोंधळ मात्र बराच जास्त दिसतो. वडील दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळ्या ओढतील, तुम्हाला ओळखणार नाहीत, मध्यरात्री बागेत राखणीला जायचंय म्हणून उठून बसतील. बघायला भयंकर वाटतं, पण हा बहुतेक वेळा डिलिरियम असतो आणि काही दिवसांत उतरतो. तुम्हालाही यात काम आहे. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर लगेच द्यायला सांगा, भेटायला जाणाऱ्याने घरच्या बोलीत बोला, आज वार कुठला, बाहेर दिवस आहे की रात्र ते सांगत राहा. एक हात किंवा पाय अजिबात न हलणं, तोंड वाकडं होणं, ही गोष्ट वेगळी. ते दिसलं तर तिथल्या तिथे नर्सला सांगा, सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. हिशेब न जमणं, नावं न आठवणं, लवकर थकणं हे बऱ्याच जणांत काही आठवडे ते काही महिने राहतं आणि ओसरतं. बागेचे व्यवहार तेवढे दिवस दुसऱ्या कुणीतरी बघा.

मुंबईला परत जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. कमानीच्या अशा शस्त्रक्रिया तुमच्या इथे नियमित होतात का? मेंदूला वेगळं रक्त देणार का, आणि एका बाजूने की दोन्ही? रक्त कुठल्या धमनीतून देणार आणि का? फुगवटा खाली उतरला असेल तर पाठीच्या मज्जारज्जूचं काय? (लांब स्टेंट (जाळीची नळी) असलेला ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम धमनी, खाली सोडणार असतील, तर पायांतली ताकद जाण्याचा थोडा धोका असतो आणि त्यासाठी कधी पाठीतून पाणी काढायची नळी ठेवतात.) उत्तरं शांतपणे, कारणांसकट मिळाली, तर २० आणि २६ विसरून जा. पैशांचा प्रश्न असेल तर महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्या.

आणि जून? नको. कमानीसाठी साधारण ५.५ सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो, ६ च्या पुढे फुटण्याचा आणि फाटण्याचा धोका झपाट्याने चढतो. वडिलांचा ६.२ आहे आणि तो नस दाबतोय, म्हणजे लक्षणंही आहेत. आत्ता कुठे मोहोर धरलाय, काढणी एप्रिल-मेमध्ये. तेवढ्या काळात तो फाटला तर तीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, तयारीशिवाय, कमी झालेल्या रक्तदाबावर करावी लागेल, आणि वर सांगितलेली मेंदूची बहुतेक काळजी घ्यायला सवडच मिळणार नाही. मेंदू वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे ही शस्त्रक्रिया ठरवून, दिवसाउजेडी होणं. या सीझनची बाग गड्यांच्या आणि भावकीच्या हाती सोपवा, नाहीतर फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाका.

तारीख मिळेपर्यंत रक्तदाबाचा वरचा आकडा १३० च्या आत हवा, गोळी एकही दिवस चुकता कामा नये. पेट्या उचलणं, झेला घेऊन झाडावर चढणं, पंप ओढणं बंद. श्वास कोंडून जोर लावला की दाब क्षणात चढतो, म्हणून शौचालाही कुंथायला लागू नये एवढं बघा. मिश्री आणि विडी आजपासून बंद. लघवीच्या किंवा पोटाच्या तक्रारीवर कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली गोळी लिहून दिली, तर फुगवट्याचं सांगून दुसरी मागा. महाधमनी फुगलेल्यांना ही औषधं टाळावीत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्येच दिलाय. मुंबईला जाताना हायवेचे धक्के खात रात्रभर बसमधून नेण्यापेक्षा कणकवलीहून रेल्वेने, आरक्षण करून न्या.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ अचानक आली, तर १०८ लावा, आणि तालुक्याच्या रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: यांची महाधमनी फुगलेली आहे. नाहीतर ही कळ हार्ट अटॅकसारखीच दिसते, आणि अटॅक समजून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं गेलं तर अशा रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. सीटीच्या रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, सीडी वडिलांच्या पिशवीत.